बातमीत प्राण्याचा गट बरोबर असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या जिल्हा पानांवर आणि शेतीच्या पुरवणीत किडी, साप आणि वन्यप्राणी यांच्या बातम्यांची रीघ लागते. गावोगावी त्या वाचल्या जातात, पारावर मोठ्याने वाचून दाखवल्या जातात, आणि कात्रण खिशात घालून माणसे कृषी केंद्रावर औषध मागायला जातात. म्हणून ही तक्रार. या बातम्यांत प्राण्याचा गट फार वेळा चुकलेला असतो. कोळ्याला कीटक म्हटले जाते, वाणीला (पैसा किड्याला) अळी, तरसाला जंगली कुत्रा आणि रोहीला (नीलगाईला) हरीण. मास्तर लोकांना चुका काढायची खोडच असते, असे कुणी म्हणेल. पण औषध कोणते, सापळ्यात कोणती गोळी लावायची, पंचनाम्यात कोणते जनावर लिहायचे, हे सगळे त्या गटावर ठरते.

मिरचीचेच घ्या. भिवापूरकडची शेती असो की परसातला वाफा, पाने आकसली की 'चुरडा-मुरडा आला' एवढेच म्हटले जाते आणि बातमीतही तेवढेच येते. पान आकसायला तीन वेगवेगळी कारणे असतात. कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून देठ लांबलेले दिसले तर पिवळा कोळी (घरातला जाळ्याचा कोळी नव्हे, पानावरचा अगदी बारीक जीव). पाने बारीक होऊन झाडच खुजे राहिले तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. फुलकिडा हा कीटक आहे. पिवळा कोळी विंचू आणि गोचीड यांच्या वर्गातला, अष्टपाद. विषाणू तर प्राणीच नाही. आता तिन्हीला एकच 'कीटकनाशक फवारा' असे छापले की काय होते? इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाने फुलकिडे, पांढरी माशी कमी होतील, कोळ्याला त्याने काहीही होत नाही. त्याला पाण्यात विरघळणारे गंधक किंवा प्रोपरगाईटसारखे कोळीनाशकच लागते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारले तर आणखी वाईट. कोळ्यांना खाणारे शिकारी कोळी आणि ढालकिडे त्याने आधी मरतात, झाडावरचे कोळी मात्र तगतात आणि आठ-दहा दिवसांत कैक पटींनी वाढतात. शेतकरी म्हणतो औषध बनावट होते. औषध बरेचदा चांगले असते, ते ज्या गटासाठी बनवले तो गट त्या झाडावर नसतो.

ओळखायला फार सामान लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक पांढरा कागद पुरतो. शेंड्याखाली कागद धरून फांदीवर दोनतीन टिचक्या मारायच्या. मिलिमीटरभर लांबीचे, सडपातळ, चटकन पळणारे जीव पडले तर ते फुलकिडे. पिवळा कोळी असा पडून दिसणार नाही, तो जेमतेम मिलिमीटरचा पाचवा भाग असतो. शेंड्याचे कोवळे पान उलटे करून भिंगाखालीच पाहावे लागते. लाल कोळी त्याहून मोठा, पानामागे बारीक जाळे करतो, नजर चांगली असेल तर हलणारा ठिपका म्हणून साध्या डोळ्यांनाही दिसतो.

'कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ' हे शाळेतले सूत्र इथे दगा देते, हे मुद्दाम सांगायला हवे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या गोचिडीला आणि कोळ्याला सहाच पाय असतात, चौथी जोडी पहिली कात टाकल्यावर येते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, तेव्हा 'कीटक चावल्याने ताप' असे मथळे सगळीकडे होते. माणसाला चावते ती चिगर नावाच्या कोळ्याची ही सहा पायांचीच बाल्यावस्था. मोठा झालेला चिगर माणसाच्या वाटेला जात नाही, मातीतले बारीक जीव आणि त्यांची अंडी खातो. तेव्हा फक्त पाय मोजून भागत नाही. डोक्यावर शृंगिका, म्हणजे मिशा, आहेत का ते पाहावे. कीटकाला त्यांची एक जोडी असते, अष्टपादांना कोणत्याच वयात नसते. कीटकाचे अंग डोके, छाती, पोट असे तीन भागांत दिसते. कोळ्याच्या पिल्लाचे तसे दिसत नाही.

वर्गीकरण करणारे हेच करतात. एका खुणेवर विसंबत नाहीत, खुणांचा जुडगा पाहतात आणि त्यातल्या कोणत्या खुणा एका पूर्वजाकडून आलेल्या आहेत हे तपासतात. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'प्राणी वर्गीकरण' हा धडा आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड मुले घडाघडा म्हणतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण या पायऱ्या कशावरून पाडल्या ते हातात प्राणी घेऊन कुणी दाखवत नाही. संघ ठरवताना शरीराची मूळ रचना पाहतात: सममिती कशी आहे, देहगुहा आहे की नाही, अंग खंडांचे आहे का, पाठीत पृष्ठरज्जू आहे का. सांध्यांचे पाय आणि वरून कायटिनचे कवच असले की संधिपाद संघ. त्याच्या आत शृंगिका, पायांच्या जोड्या, जबड्यांची घडण यांवरून वर्ग पाडतात. पंख किती, तोंड चावणारे की शोषणारे, मध्ये कोष होतो की नाही, यावरून कीटकांचे गण. वावरात दिसणारे फरक या उतरंडीत कुठे बसतात ते एकदा कळले की पाठांतराची गरजच उरत नाही. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, जनुकांच्या अभ्यासात कीटक हे वाणी आणि गोमीपेक्षा झिंगे-खेकड्यांचे जवळचे नातलग निघाले आहेत. नुसते बाहेरून बघून असे कुणी म्हटले नसते.

वाणीचा विषय निघालाच आहे. पेरणीनंतर सोयाबीन आणि कपाशीचे कोंब कुरतडणाऱ्या वाणीला गेल्या काही हंगामांत 'काळी अळी' म्हणून छापलेले दिसते. वाणी अळी नाही. अळीचे पुढे फुलपाखरू, पतंग किंवा भुंगेरा होतो. वाणीचे शेवटपर्यंत वाणीच राहते, कात टाकताना फक्त कडी वाढत जातात. पुढची थोडी कडी सोडली तर प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या असतात. गोमीला दर खंडाला एकच जोडी असते, अंग चपटे असते आणि डोक्याखाली विषारी नांग्या असतात. गोम शिकारी, तिचा पिकाला उपद्रव नाही. वाणीचे खरे खाणे कुजका पालापाचोळा. वावरात कुटार, अर्धवट कुजलेले शेणखत, धुऱ्यावरचा काडीकचरा राहिला की तिथे ती वाढते, आणि पाऊस पडून कोवळे कोंब मिळाले की तिकडे वळते. ती फिरते रात्री, दिवसा ढेकळाखाली असते. दुपारच्या उन्हातली फवारणी म्हणूनच वाया जाते. संध्याकाळी गवताचे लहान लहान ढीग वावरात ठिकठिकाणी ठेवावेत, सकाळी उचलून खाली जमलेल्या वाणी साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. दुसऱ्या पेरणीचा खर्च लक्षात घेता हे काम स्वस्तच पडते. शंखी गोगलगाय तर संधिपादही नाही, ती मृदुकाय संघातली. तिच्यासाठी मेटाल्डिहाईडच्या दाणेदार आमिषासारखे वेगळे औषध असते, ते कुत्र्यांना आणि गुरांनाही घातक आहे हे बातमीत यायलाच हवे.

अळ्यांकडे येऊ. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बातम्यांत रंगावर फार भर असतो. 'गुलाबी अळी दिसली' म्हणून फोटो येतो आणि फोटोत पुष्कळदा हिरव्या बोंडअळीचीच गुलाबी-तपकिरी छटा असते. त्या अळीचा रंग हिरव्यापासून तपकिरी, गुलाबीपर्यंत कसाही असू शकतो. उलट गुलाबी बोंडअळी लहानपणी पांढुरकी असते, गुलाबी पट्टे मोठेपणी येतात. त्यापेक्षा सवयी पाहाव्यात. हिरवी बोंडअळी बोंडाला मोठे गोल छिद्र पाडते, डोके आत आणि बाकीचे अंग बाहेर ठेवून खाते, बाहेर विष्ठा पडलेली असते. गुलाबी अळी आत शिरली की छिद्र बुजते, बोंड वरून धडधाकट दिसते. फुलात शिरली असेल तर पाकळ्या गुंडाळल्या जाऊन डोमकळी होते. बोंडे लागल्यावर वावरात फिरून २० हिरवी बोंडे फोडावीत. दोनांत जिवंत अळी मिळाली की प्रादुर्भाव १० टक्क्यांवर गेला आणि उपायाची वेळ आली. कामगंध सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग सलग तीन रात्री पडले, तरी तोच इशारा. पण त्या सापळ्यात गॉसीप्ल्युरची गोळी हवी. हिरव्या बोंडअळीसाठीची हेलिल्युर लावून 'गुलाबी नाही' म्हणणाऱ्याच्या बोंडांत ती बिनघोर वाढत असते. गोळीचा वास एकाच जातीच्या मादीचा असतो, दुसऱ्या जातीचा नर त्याला हुंगतही नाही. वर्गीकरणात जाती ही सगळ्यात खालची पायरी का, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नसेल.

बीटी कपाशीबद्दलचा गैरसमजही याच जागचा. २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेल्या बीटी वाणातले प्रथिन पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात काम करते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे रस शोषणारे, वेगळ्या गणातले. त्यांच्यावर ते कधीच चालणार नव्हते. 'बीटी फेल' या मथळ्याखाली तुडतुड्यांचा फोटो छापू नये. गुलाबी बोंडअळीने नंतरच्या बीटी वाणांतल्या दोन्ही प्रथिनांना दाद देणे बंद केले, हा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भाने तो भोगला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसे दगावली. गट चुकल्यामुळे होणारी एकेक वायफळ फवारणी म्हणजे कुणाच्या तरी पाठीवर विनाकारण चढलेला पंप.

अळीचे पाय मोजायचे तर छातीवरचे सांधे असलेले तीन जोड्या पाय हेच खरे. पोटावरचे मांसल ते आधाराचे. आधाराच्या पाच जोड्या असल्या तर बहुतेक पतंग-फुलपाखरांची अळी. सोयाबीनवरच्या उंटअळीला तीनच जोड्या असतात, म्हणून ती पाठीची कमान करून चालते. हुमणीला एकही नाही, ती भुंगेऱ्याची. मक्यावर २०१८ पासून आलेली अमेरिकन लष्करी अळी ओळखायची ती डोक्यावरच्या पांढऱ्या उलट्या 'वाय' खुणेवरून आणि शेपटीजवळच्या खंडावर चौकोनात बसलेल्या चार काळ्या ठिपक्यांवरून.

वरचा गट कळला म्हणजे सगळे कळले असेही नाही. ठिपक्यांचा लालसर ढालकिडा आणि वांग्याच्या पानाची जाळी करणारा हड्डा भुंगेरा एकाच कुलातले आहेत. एक मावा खातो, दुसरा पाने. ढालकिड्याची पाठ गुळगुळीत आणि चमकदार असते. हड्ड्याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे तो मळकट दिसतो, आणि ठिपके २८ पर्यंत भरतात. ढालकिड्याची अळी चिमुकल्या सुसरीसारखी दिसते, काळी, पाठीवर केशरी डाग. ती मावा खात असते आणि 'नवीनच कीड आली' म्हणून नेमकी तीच चिरडली जाते. हड्ड्याची अळी पिवळी आणि अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची असते. ही दोन चित्रे शेजारी शेजारी एकदा छापली तर एका पानात पुष्कळ काम होईल.

मोठ्या जनावरांत घोटाळा निराळा. तरस अंगकाठीने आणि नखांसकट उमटणाऱ्या पावलाने कुत्र्यासारखा वाटतो. कवटीतल्या कानाजवळच्या हाडाची घडण आणि जनुके पाहिली तर तो मुंगूस-मांजरांच्या शाखेत येतो. कुत्र्यासारखे दिसणे हे धावण्याच्या आणि हाडे फोडण्याच्या सवयीतून आलेले, नात्यातून आलेले नाही. 'बिबट्याचे ठसे' म्हणून फोटो येतो तेव्हा आधी नखे उमटली आहेत का ते बघावे. बिबट्या चालताना नखे आत ठेवतो. नखे असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. नखे नसून ठसा ५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर रानमांजर. एवढे पाहिले तरी एखाद्या गावाची रात्रीची झोप वाचेल.

रोही अंगाने घोड्यासारखा, त्यामुळे घोडरोज म्हणतात, आणि बातमीत तो हरणांत बसतो. त्याचे खूर दुभंगलेले, तो रवंथ करतो आणि त्याचे कुल गाय-म्हशीचेच आहे, त्यातही त्याचा सगळ्यात जवळचा नातलग चौशिंगा. चितळ आणि सांबर ही खरी हरणे. त्यांच्या नराला भरीव, फांद्यांची शिंगे असतात, ती दरवर्षी गळून नवी येतात. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातला काळवीट लोक हरणांत धरतात, पण त्याचे शिंग आतून हाड, वरून पोकळ खोळ असे असते आणि जन्मभर गळत नाही. पिकाच्या नुकसानीच्या अर्जात प्राण्याचे नाव लिहावे लागते, पंचनाम्याला येणारा माणूस ठसे पाहतो. रोहीचे खूर मोठे आणि लांबट. रानडुकराच्या ठशात मऊ जमिनीवर मागच्या दोन लहान खुरांच्या खुणा बाहेरच्या अंगाला फाकलेल्या दिसतात. ठसा दिसला की शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढावा, नुसत्या मातीच्या फोटोवरून माप कळत नाही.

शास्त्रीय नावे सारखी बदलतात, मग विश्वास कशावर ठेवायचा, असेही विचारले जाते. १७५८ साली निघालेल्या, लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांची दोन शब्दांची नावे अधिकृत धरतात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. नवा पुरावा आला की जात दुसऱ्या प्रजातीत हलवली जाते आणि पहिला शब्द बदलतो. पाणदिवड सापाचे नाव अशाने नॅट्रिक्स, मग झेनोक्रोफिस, आता फौलिया झाले. मेळघाटातला रानपिंगळा १८७३ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी वेगळ्या प्रजातीत ठेवला होता. मध्ये शंभरावर वर्षे तो कुणाला दिसला नाही, १९९७ मध्ये पुन्हा सापडला, आणि जनुके तपासल्यावर साध्या पिंगळ्याच्या प्रजातीतच बसतो असे दिसले. हे धरसोडीचे लक्षण नाही, चूक दुरुस्त करण्याची सोय या पद्धतीतच आहे. पांढरी माशी म्हणून आपण जिला ओळखतो ती तर जनुकांच्या पातळीवर अनेक जातींचे कडबोळे निघाली आहे, भिंगाखाली त्या एकसारख्याच दिसतात.

सापांबद्दल थोडक्यात, कारण इथे चूक जिवावर बेतते. मण्यार आणि निरुपद्रवी कवड्या यांची गल्लत नेहमीची. मण्यारीचे पांढरे पट्टे जोडीने असतात, मानेजवळ फिके किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होत जातात, आणि पाठीच्या मधल्या ओळीचे खवले मोठे, षटकोनी असतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. ही ओळख फोटो पाहणाऱ्यासाठी आहे, चावलेल्या माणसाने किंवा घरच्यांनी खवले तपासत बसू नये. नाग, मण्यार, फुरसे आणि घोणस, म्हणजे आपल्याकडची परड, या चौघांवर एकच संमिश्र प्रतिविष चालते. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. कोणत्या कुलाचे विष आहे ते डॉक्टर लक्षणांवरून पाहतात: नाग-मण्यारीत पापण्या जड होऊन श्वास अडतो, परड-फुरशात रक्त गोठत नाही, त्यासाठी काचेच्या नळीत २० मिनिटे रक्त ठेवून बघण्याची साधी चाचणी असते. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या तर 'काही चावले नाही' हे ऐकून थांबू नये.

आपल्याकडे मागणे एवढेच: किडीच्या बातमीत स्थानिक नावाबरोबर तिचा गट लिहावा, फोटो प्रत्यक्ष त्या वावरातला असावा, आणि खात्री नसेल तेव्हा औषधाचे नाव छापू नये. बातमीदाराला नमुना पाठवायचा असेल तर कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचे कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था जवळ आहे.

नमुना नीट पोचला तरच ओळखता येतो, आणि बहुतेक नमुने वाटेतच सडतात. अळी थेट स्पिरिटमध्ये टाकली की काळी पडते, कारण आतले पाचकरस काम करत राहतात. आधी ती मिनिटभर कडक गरम पाण्यात धरावी, मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाकावी. जनुके तपासायची असतील तर ९५ टक्क्यांवरचे अल्कोहोल लागते, फॉर्मेलिन अजिबात नको. कोळी असेल तर अख्खे पानच बाटलीत घालावे. पतंग मात्र कधी बाटलीत टाकू नये, पंखांवरची खवली निघून ओळखीच्या खुणा जातात. त्याला कागदाच्या तिकोनी घडीत कोरडे ठेवावे. जाड कागदाच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पीक, आणि जीव झाडाच्या कोणत्या भागावर मिळाला ते लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी. लिहायचे पेन्सिलीने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि कोरा कागद घेऊन नमुना पोचतो.

कळावे,
आपले,
प्राणिशास्त्र शिकवणारे काही शिक्षक,
हिंगणघाट-समुद्रपूर परिसर, जि. वर्धा